शाहीन पाहिलाय का कुणी?

मी ज्या उर्दू शाळेत शिकवतो तिथल्या सभागृहात एक मोठं पोस्टर लावलेलं आहे. वर इक्बालचं नाव, खाली ठळक अक्षरांत ‘शाहीन’ आणि मध्ये पंख पसरलेला एक देखणा शिकारी पक्षी. पांढरंशुभ्र डोकं, गडद तपकिरी अंग, पिवळीजर्द बाकदार चोच. पंधरा ऑगस्टला भाषण करणारी मुलं त्या पोस्टरकडे हात करून उंच भरारीच्या गोष्टी करतात आणि पालक टाळ्या वाजवतात. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलानं मला विचारलं, “सर, ये अपने इधर होता क्या?” मी “होता होगा” असं म्हणून वेळ मारून नेली.

संध्याकाळी घरी पुस्तक उघडलं आणि कपाळावर हात मारला. पोस्टरवरचा पक्षी शाहीन नव्हताच. तो होता अमेरिकेचा पांढऱ्या डोक्याचा गरुड, त्यांच्या सरकारी शिक्क्यावर असतो तो. बरेचदा मासे खाऊन राहणारा, आपल्या खंडात कधीही न येणारा. शाहीन म्हणजे बहिरी ससाण्याचा भारतीय भाऊ. आकारानं साधारण कावळ्याएवढा, वरून काळसर राखाडी, खालून तांबूस, गालावर काळ्या मिशीसारखा डाग. तो डोंगराच्या उभ्या कड्यांवर घरटं करतो आणि हवेतच पक्षी पकडतो. म्हणजे ज्या पक्ष्याच्या नावानं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्फुरण देत आलो, तो समोर येऊन बसला असता तरी आम्ही ओळखला नसता. इथे मी ‘आम्ही’ म्हणतो, कारण त्या दिवसापर्यंत मीही त्याच पोस्टरकडे हात करत होतो.

त्या दिवसापासून एक गोष्ट मला सारखी टोचते. आपण मुसलमानांनी पक्ष्यांची नावं फार जपली, पण पक्षी पाहायचं सोडून दिलं. आणि मला वाटतं, हा नुसता पक्ष्यांचा प्रश्न नाही.

सलीम अलींचंही आपण तेच केलं आहे. दर १२ नोव्हेंबरला त्यांच्या जन्मदिवशी मोबाइलवर संदेश फिरतात: ‘महान मुस्लिम शास्त्रज्ञ’, ‘भारताचे पक्षिपुरुष’, १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. अभिमान वाटायला हरकत नाही. पण तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या दिवशी खिडकीबाहेर पाहिलं असेल? सलीम अली आपल्यासाठी यादीतलं एक नाव झाले आहेत. त्यांचं खरं देणं म्हणजे त्यांची सवय. ती सवय कशी लागली, ती गोष्ट आपण आपल्या मुलांना सांगत नाही. खरं तर ती आपल्याच घरातली गोष्ट आहे.

सन १९०८. मुंबईतला दहा-बारा वर्षांचा अनाथ मुलगा मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढत होता. हातात छऱ्याची बंदूक, छंद चिमण्या मारण्याचा. त्या काळच्या चांगल्या मुसलमान घरातला मुलगा असल्यामुळे मारलेली चिमणी हलाल करून स्वयंपाकघरात द्यायची, हे त्याला माहीत होतं. एके दिवशी पडलेली चिमणी नेहमीसारखी दिसेना. गळ्यावर पिवळा डाग होता, सालन सांडल्यासारखा. आता ही चिमणी खाणं जायज आहे का? मुलाला शंका आली. तो मामांकडे गेला. मामा नावाजलेले शिकारी, पण त्यांनाही पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव मिलर्ड साहेब. त्यांनी पक्षी पाहिला, पिवळ्या गळ्याची चिमणी असल्याचं सांगितलं, आणि मग कपाटाचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. तो मुलगा पुढे सलीम अली झाला.

या गोष्टीत मला मिलर्डच्या खणांपेक्षा आधीच्या दोन गोष्टी मोठ्या वाटतात. पहिली, त्या मुलानं ‘चिमणीच तर आहे’ म्हणून तिला कढईत जाऊ दिलं नाही. दुसरी, मामांनी ‘मला माहीत नाही’ असं एका मुलासमोर कबूल केलं. आपल्या घराघरात, मदरशात, शाळेत मोठी माणसं मुलांसमोर हे वाक्य किती वेळा बोलतात? मी स्वतः ‘होता होगा’ म्हटलं होतं. मामा तय्यबजी तसं म्हणाले असते तर ती चिमणी खाऊन संपली असती आणि तिच्याबरोबर बरंच काही संपलं असतं.

ती पिवळ्या गळ्याची चिमणी आपल्याकडेही आहे बरं का. मराठीत तिला रानचिमणी म्हणतात. झाडाच्या ढोलीत घरटं करते. बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याचं जंगल लागतं, ज्ञानगंगा अभयारण्याचं. मी ती पहिल्यांदा तिथेच पाहिली. त्याआधी किती वेळा पाहून साधी चिमणी समजलो असेन, देव जाणे.

पक्षी ओळखायला खर्च फारसा येत नाही. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी सुरुवात होते. आणि वेळेचं म्हणाल, तर ती सोय आपल्याला आधीच करून दिलेली आहे. पक्षी पाहण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे फजरनंतरचा एक तास. अख्ख्या गावात त्या वेळी जागं कोण असतं? आपण. आणि आपण काय करतो? नमाज पढून घरी येऊन पुन्हा झोपतो. हे मी स्वतःला लावून घेऊनच बोलतोय.

ओळखण्याची रीत अशी. नावाची घाई करायची नाही. आधी आकार पाहायचा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच. मग शेपटी. मग कुठे बसलाय, कसा उडतो, काय खातो, कुठला महिना आहे. आणि नाव सगळ्यांत शेवटी. आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. बाकदार चोचीचा कुठलाही पक्षी दिसला की आपण म्हणतो घार. पण घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते. कपाशीच्या नाहीतर सोयाबीनच्या शेतावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेला, कावळ्याएवढा, राखी-पांढरा, खांद्यावर काळा डाग आणि लालभडक डोळा असलेला पक्षी घार नव्हे, ती कापशी. शेतातले उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याची बिनपगारी राखणदार. आणि मोहल्ल्यातल्या लिंबावर दबा धरून बसणारा, कबुतराएवढा, छातीवर आडव्या बारीक रेघा असलेला तो शिक्रा. तिघांनाही ‘घार’ म्हटलं की दोघांवर अन्याय होतो. असंही होतं की घारीनं कोंबडीचं पिल्लू नेलं आणि दगड कापशीला बसला.

नावं तर सगळीच फसवतात. वेडा राघू वेडाही नसतो आणि राघूही नसतो, तो हवेतल्या हवेत माशा-किडे पकडणारा फार हुशार पक्षी आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात त्या नीलकंठाचा कंठ निळा नसतो, तपकिरी-जांभळट असतो. तारेवर बसलेला असला तर मळकट दिसतो. उडाला की मग त्याच्या पंखांतला निळा रंग उघडतो. सुगरण हे नाव आपण कौतुकानं घेतो, पण खोपा विणतो तो नर. मादी येऊन पाहते, पसंत पडला तर राहते. हे सगळं बारकाईनं टिपलं ते सलीम अलींनीच, १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला. जर्मनीत शिकून परत आले होते आणि हाताला नोकरी नव्हती. बेकार माणसानं घरासमोरच्या सुगरणींकडे पाहत बसायचं ठरवलं आणि त्यातून शास्त्र उभं राहिलं.

आता आपल्या धर्मातल्या पक्ष्यांकडे येतो. हुदहुद कुठल्या मुसलमानाला माहीत नाही? सूरह नमलमध्ये हजरत सुलैमान पक्ष्यांची हजेरी घेतात, हुदहुद गैरहजर असतो, मग तो येतो आणि सबाच्या राणीची खबर सांगतो. आमच्या मोहल्ल्यात मी एकदा दहा-बारा जणांना विचारलं, हुदहुद कोणता? बहुतेकांनी सुतारपक्ष्याचं वर्णन केलं. झाड टोकणारा तो. खरा हुदहुद मशिदीच्या मागच्या मोकळ्या मैदानात रोज सकाळी येतो. मातकट नारिंगी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर दुमडलेला तुरा, लांब बारीक चोच जमिनीत खुपसून किडे शोधत चालत असतो. वुजू करून आत जाणाऱ्या माणसांच्या पायांपासून वीस-पंचवीस पावलांवर. आणि आपण तो किस्सा ऐकतो बयानमध्ये, पंख्याखाली बसून.

अबाबीलचंही तसंच. जुन्या मशिदीच्या कमानीखाली पिसांची घरटी करून राहणाऱ्या काळ्या पक्ष्यांना आपले लोक अबाबील म्हणतात आणि सूरह फीलच्या आदरापोटी त्यांची घरटी पाडत नाहीत. ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्या आयतीतला अबाबील हा शब्द एखाद्या जातीच्या पक्ष्याचं नाव नाही, अरबीत त्याचा अर्थ थव्याथव्यांनी येणारे असा केला जातो. कमानीखाली राहते ती पाकोळी. आणि पावसाळा सरला की विजेच्या तारांवर ओळीनं बसणारी, शेपटीला दोन लांब काड्या असलेली ती भिंगरी. पाकोळीला तारेवर बसताच येत नाही, तिचे पाय तसे नसतात, ती फक्त खडबडीत भिंतीला लटकू शकते. दोघींना एकच नाव दिलं तरी त्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आपलं, कारण नाव मिळालं की आपण पाहणं थांबवतो.

सुलैमानांच्या त्या किश्शातली एक गोष्ट आपण घाईत ओलांडून जातो. हुदहुद खात्रीची खबर घेऊन आलोय म्हणतो, तरी सुलैमान ती लगेच मान्य करत नाहीत. तू खरं बोललास की खोटं ते आम्ही पाहू, अशा अर्थाचं ते म्हणतात आणि पत्र देऊन त्याला परत पाठवतात. बादशहा आणि पैगंबर असलेला माणूस आधी पडताळा घेतो. मोबाइलवर आलेली खबर अर्ध्या मिनिटात पन्नास जणांना पाठवणाऱ्या आपल्या पिढीनं ही आयत जरा सावकाश वाचायला हवी.

मी हे इतकं का ताणतोय, ते आता सांगतो.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात, एका रविवारी, मी जिल्ह्यातल्या एका धरणावर एकटाच गेलो होतो. पाण्याकाठी नारिंगी रंगाच्या मोठ्या बदकांच्या जोड्या उतरल्या होत्या. उर्दूत त्यांना सुर्खाब म्हणतात. ‘सुर्खाब के पर लगे हैं क्या’ असं आपण एखाद्याला टोचून म्हणतो ना, तोच. मराठीत तोच पक्षी चक्रवाक, कुणी ब्राह्मणी बदकही म्हणतं. एकाच बदकाला तीन नावं, आणि तो येतो हिमालयापलीकडून. मी मोजत होतो आणि वहीत लिहीत होतो. वही उर्दूत.

मोटारसायकलवरून तीन पोरं आली. एकाच्या गळ्यात भगवा गमछा होता.

“चाचा, काय पाहून राह्यले?”

“पक्षी.”

“हे काय लिहेल हाय?”

“पक्ष्यांची नावं.”

“नकाशा त नाही नं?”

हसावं की घाबरावं ते मला कळेना. डोक्याला टोपी, चेहऱ्याला दाढी, गळ्यात दुर्बीण, हातात उर्दू वही आणि समोर धरण. त्यांना एका नजरेत जे ओळखायचं होतं ते त्यांनी ओळखलं होतं. एकानं फोन लावला. अर्ध्या तासानं एक पोलीस आला, आधार कार्ड पाहिलं, वहीच्या पानांचे फोटो काढले, “एकटे फिरत जाऊ नका” असं म्हणाला. तो उद्धट नव्हता. पण त्या अर्ध्या तासात माझ्या तळहाताला घाम फुटला होता.

तो येईपर्यंत गमछावाल्या पोरानं माझी दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “हे त दरसाल येतात. रातच्याले वरडतात.” इतकंच बोलून त्यानं दुर्बीण परत दिली. पोलीस आल्यावर ती पोरं निघून गेली. माफी नाही, ओळख नाही, काही नाही.

घरी येताना मला राग होताच. पण त्याच्या जोडीनं दुसरंही काही होतं. तो पोरगा गाडीवरून उतरला तेव्हा मी त्याचा गमछा पाहिला आणि मनातल्या मनात त्याचं नाव लिहून टाकलं होतं. त्यानं माझी टोपी पाहिली, मी त्याचा गमछा. दोघांनीही आकार पाहिला नाही, चोच पाहिली नाही, थेट नाव. आणि चक्रवाकाचं रात्रीचं ओरडणं, ज्यावर आपल्याकडे जुन्या काळापासून किस्से रचले गेले, ते मी पुस्तकात वाचलं होतं. त्यानं ते ऐकलं होतं. त्या बदकांबद्दल तो पोरगा माझ्यापेक्षा जास्त जाणत होता, आणि हे मला त्याच्याकडे पाहून कळलं नसतं.

यातून कुणी असा अर्थ काढू नये की दोन्हीकडच्या चुका सारख्या. माझ्या मनातल्या नावानं त्याला पोलिसांपुढे उभं राहावं लागलं नाही, त्याच्या मनातल्या नावानं मला राहावं लागलं. हा फरक मोठा आहे आणि तो झाकून मला गोड बोलायचं नाही. पण माझ्या हातात जेवढं आहे तेवढ्याची सुरुवात मला माझ्या डोळ्यांपासूनच करावी लागेल.

चुकीची पाटी काय करू शकते, याचा एक दाखला आपल्याच सातपुड्यात आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड. १८७३ साली ह्यूमनं त्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर ते कुणाला मिळालंच नाही. फक्त एक नमुना होता, त्याच्या पाटीवर लिहिलेलं १९१४, गुजरात. तो लंडनच्या संग्रहालयाला दिलेला कर्नल माइनर्ट्‌झहागेन नावाच्या बड्या इंग्रज पक्षितज्ज्ञानं. मोठा माणूस, त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? वर्षानुवर्षं त्या पाटीचा आधार धरला गेला. शेवटी पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी नमुन्याची पिसं आणि शिवण तपासून दाखवलं की तो नमुना चोरीचा होता. दुसऱ्याच माणसानं १८८०च्या दशकात गोळा केलेला पक्षी उचलून, पुन्हा शिवून, त्यावर खोटी पाटी लावलेली. ती पाटी बाजूला काढल्यावर शोध योग्य जागी सुरू झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला सापडला. तब्बल ११३ वर्षांनी. त्यानंतर त्याची पाहणी करणाऱ्यांत असद रहमानी आणि फराह इश्तियाक ही दोन नावं आहेत. मुलींच्या पालकांनी दुसरं नाव मुद्दाम लक्षात ठेवावं.

शहाद्यापासून पूर्वेला मेळघाटापर्यंत हाच सातपुडा पसरलेला आहे आणि आपल्या संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाटाला लागूनच आहे. रानपिंगळा इतकी वर्षं हरवलेला नव्हताच. तो आपल्या झाडावर होता. लोक पाटी वाचून दुसरीकडे शोधत होते. माणसांच्या बाबतीत हे रोज घडतं, आणि तिथे तपासायला कुणी रासमुसेन येत नाही.

आता थोडं आपल्या घरात पाहू. आपल्या किती घरांच्या ओट्यावर पिंजऱ्यात मिठ्ठू आहे? तो ‘अल्ला-अल्ला’ म्हणतो, पाहुण्यांना कौतुक वाटतं. पण हा रानातला पोपट आहे. बहुतेक वेळा ढोलीतून पिल्लू असतानाच काढलेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. रानातले लावे-तित्तर मारून दावत करणं हाही गुन्हाच. पाळीव बटेर वेगळी. काही जण लहानग्या अबू उमैरच्या चिमणपाखराची हदीस सांगतात आणि पक्षी पाळणं जायज असल्याचं दाखवतात. मी मुफ्ती नाही, त्या वादात पडत नाही. पण मला अबू दाऊदमधली दुसरी हदीस आठवते. सफरीत कुणीतरी एका पाखराची पिल्लं उचलून आणली, आई वर घिरट्या घालू लागली, आणि रसूलुल्लाहंनी विचारलं, हिला पिल्लांसाठी कुणी दुखावलं? तिची पिल्लं परत करा. आपल्या ओट्यावरच्या मिठ्ठूच्या आईचा विचार आपण कधी केला आहे? मात्र हे वाचून जोशात पिंजऱ्याचं दार उघडू नका. माणसाच्या हातावर वाढलेल्या पोपटाला बाहेर जगता येत नाही. वन विभागाला विचारा. आणि पुढचा पोपट आणू नका, एवढं तर आजच करता येतं.

कुरआनमध्ये पंखांनी उडणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला ‘तुमच्यासारखीच उम्मत’ म्हटलं आहे. मी ही आयत अनेकदा ऐकली होती. तिच्यातला ‘तुमच्यासारखीच’ हा शब्द मला कब्रस्तानात समजला. आपल्या गावांतली जुनी कब्रस्तानं म्हणजे लिंब, चिंच, बोर आणि वाढलेलं गवत. तिथे कुऱ्हाड सहसा चालत नाही, म्हणून पक्षी राहतात. सकाळी हळद्याची शीळ, तांबटाची टुक्‌टुक्‌, झुडपात भारद्वाज. आमच्या कब्रस्तानातल्या एका चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे. साधा पिंगळा, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला, रानपिंगळा नव्हे. मध्यंतरी काही मंडळींनी म्हटलं, हे मनहूस घुबड आहे, झाडही वाळतंय, पाडून टाकू आणि सगळीकडे फरशी बसवू. मी आणि तीन-चार मुलांनी त्यांना एका संध्याकाळी तिथे नेलं. पिंगळा ढोलीच्या तोंडाशी येऊन बसला, आमच्याकडे मान वरखाली करत पाहू लागला. एक म्हातारे चाचा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “ये तो हमकोच देख रा.” झाड तूर्त उभं आहे. फरशीचा ठराव मात्र रद्द झालेला नाही, पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. राज्य सरकारनं २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, ज्यांनी जंगलात नोकरी करता करता पक्ष्यांना मराठीत आणलं. १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. एका टोकाला सोलापूरचे चितमपल्ली, दुसऱ्या टोकाला मुंबईचे सलीम अली, आणि मधले सहा दिवस आपले. त्या आठ दिवसांत भाषणं ठेवू नका. फजरनंतर मुलांना, मुलींनाही, कब्रस्तानापर्यंत, तलावापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत घेऊन जा. शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांनाही बोलवा, त्यांना ठाऊक असलेली नावं आपल्या मुलांना ठाऊक नसतात आणि आपल्या मुलांना ठाऊक असलेली त्यांना. वही मराठीत लिहा, उर्दूत लिहा, दोन्हीत लिहा. आणि पक्षी ओळखता आला नाही तर ‘माहीत नाही’ असं लिहा.

आमच्या शाळेतलं ते पोस्टर अजून आहे. काढलं नाही. मुलांनीच त्याच्याखाली एक कागद चिकटवला आहे: हा अमेरिकेचा गरुड आहे, शाहीन नाही. बाजूला त्यांनी स्वतः पाहिलेल्या पक्ष्यांची यादी लावली आहे, नाव, तारीख आणि जागा अशी. हुदहुद आहे, कापशी आहे, सुर्खाब आहे. यादीत सगळ्यांत वर शाहीन लिहिलाय आणि त्याच्यापुढची जागा कोरी आहे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, हे अर्धवट का ठेवलं? सातवीतला तो मुलगा आता दहावीत आहे. तोच म्हणाला, “सर, अभी देखा नहीं ना.”